आकाशालाही तालीम हवी

आषाढीच्या गर्दीवर आता वरूनही नजर असते. वाळवंट, प्रदक्षिणामार्ग, पासष्ट एकराचा तळ यांवर पोलिसांचे ड्रोन घिरट्या घालतात आणि टाळमृदंगाच्या गजरात त्यांची घरघर कोणाच्या कानीही पडत नाही. उद्धव ठाकरे यांनी आकाशातून टिपलेल्या वारीच्या छायाचित्रांचे ‘पहावा विठ्ठल’ हे पुस्तक २०११ साली आले, तेव्हा तसे दृश्य पाहायला हेलिकॉप्टर लागे. आज लग्नाचे चित्रीकरण करणारा पंढरपुरातला फोटोग्राफरही ते दाखवू शकतो. यात आता कोणाला नवल वाटत नाही. नवल वाटावे अशी गोष्ट निराळीच आहे. गावोगावची कॉलेजातली पोरे हे यंत्र विकत न आणता घरच्या टेबलावर जोडू लागली आहेत.

या हौसेला ‘एफपीव्ही’ म्हणतात. डोळ्यांवर पोहण्याच्या चष्म्यासारखा, पण बंद असा पडदा बांधायचा. यंत्राच्या नाकावरचा कॅमेरा जे पाहतो ते त्याच क्षणी पडद्यावर दिसते. पोरगा उभा असतो जमिनीवर, पण मनाने वर यंत्रात बसलेला असतो. लग्नातला ड्रोन हातातली कळ सोडली की हवेत जागच्या जागी थांबतो. हा थांबत नाही. सायकलसारखा तो सतत तोलावा लागतो, आणि तोल गेला की आपटतो.

घरोघरी आईवडिलांना पडणारा प्रश्न साधा आहे : याला पैसे द्यावेत का? माझे उत्तर ‘द्यावेत’ असे आहे. पण त्याला अटी आहेत, आणि त्यांतली सर्वांत मोठी अट आईवडिलांवर नसून गावावर आहे.

आधी कायद्याचे पाहू. मे २०१४ मध्ये मुंबईतल्या एका पिझ्झावाल्याने ड्रोनने पिझ्झा पोचवून दाखवला. त्याच वर्षी ऑक्टोबरात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने खासगी ड्रोन सरसकट बंद केले. २०१८ च्या डिसेंबरात दार किलकिले झाले आणि २५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनी ते बरेचसे उघडले. पंचवीस अर्जांचे पाच झाले, शुल्काचे बहात्तर प्रकार चारवर आले. २५० ग्रॅमपर्यंतच्या यंत्राला चालकाचे प्रमाणपत्र लागत नाही. दोन किलोपर्यंतच्या यंत्रालाही, ते धंद्यासाठी नसेल तर, लागत नाही. सरकारी नकाशावरच्या हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत उडायला वेगळी परवानगी नको. मग ९ फेब्रुवारी २०२२ रोजी परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर, काही अपवाद वगळता, बंदी आली. सुट्या भागांची वाट मात्र मोकळी राहिली. म्हणजे सरकारने, हेतू असो वा नसो, पोरांना सांगितले की आयते मिळणार नाही, जोडून घ्या. सप्टेंबर २०२५ मध्ये ड्रोनवरचा जीएसटीही सरसकट पाच टक्क्यांवर आला.

ही झाली एक बाजू. दुसरी बाजू युद्धाची आहे. २०२२ पासून युक्रेनच्या रणांगणावर हीच हौशी यंत्रे, पोटाला स्फोटके बांधून, रणगाड्यांवर जाऊन आदळत आहेत. १ जून २०२५ रोजी युक्रेनने ट्रकांत लपवून नेलेले ११७ ड्रोन रशियाच्या हवाई तळांवर सोडले. त्याच्या आधीच्या महिन्यात भारत-पाकिस्तान संघर्षात आपण सर्वांनीच रात्री ड्रोनच्या बातम्या ऐकत काढल्या. त्यानंतर पोलिसाला चष्मा लावलेला पोरगा संशयास्पद वाटला तर दोष कोणाला द्यावा? सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राने ड्रोनसाठी स्वतंत्र कायद्याचा मसुदा मांडला. त्यात तुरुंगवासाच्याही तरतुदी होत्या आणि हौशी मंडळींत त्यामुळे घबराट पसरली. एकीकडे मोकळीक, दुसरीकडे धाक, आणि मध्ये अकरावीतला मुलगा.

त्या मुलाने सुरुवात कशी करावी? जाणकारांचे यावर फारसे दुमत नाही. पहिली खरेदी यंत्राची नव्हे, हातातल्या कंट्रोलरची. तो संगणकाला जोडून पडद्यावरच्या सरावात वीस-तीस तास घालवायचे. तिथे हजार वेळा आपटले तरी एक पातेही तुटत नाही. त्यानंतर तळहाताएवढे, तीसेक ग्रॅम वजनाचे, पात्यांभोवती कडे असलेले यंत्र घ्यावे. ते हॉलमध्ये उडते, सोफ्याला धडकते आणि पुन्हा उडते. कंट्रोलर, चष्मा आणि हे यंत्र मिळून खर्च ढोबळमानाने पंचवीस हजारांच्या घरात जातो. मध्यमवर्गीय घराला ही रक्कम लहान नाही, म्हणून दोघा-तिघा मित्रांनी भागीत सुरू करणे शहाणपणाचे.

जोडणी त्याच्यापुढची. कार्बन फायबरचा सांगाडा, चार मोटारी, त्यांचा वेग सांभाळणारे सर्किट, तोल सांभाळणारा ‘फ्लाइट कंट्रोलर’, कॅमेरा, चित्र पाठवणारा ट्रान्समीटर, हुकूम ऐकणारा रिसीव्हर आणि बॅटरी, एवढाच संसार. समोरासमोरच्या कोपऱ्यांतली दोन पाती एका दिशेने फिरतात, उरलेली दोन उलट दिशेने. नाहीतर यंत्र स्वतःभोवतीच गरगरेल. फ्लाइट कंट्रोलरवरचा जायरोस्कोप सेकंदाला हजारो वेळा तोल पाहतो आणि चारही मोटारींना तसा हुकूम जातो. त्याला चालवणारी ‘बीटाफ्लाइट’सारखी प्रणाली जगभरच्या हौशी लोकांनी फुकट लिहून ठेवली आहे. मुलाच्या हाताला काम आहे ते डाखाचे. सुरुवात थेट यंत्रावर न करता टाकाऊ सर्किटवर करावी. डाख चकाकता आणि तार ओढली तरी न हलणारा झाला, मगच पुढे जावे.

दोन गोष्टी मात्र आईवडिलांनी स्वतः पाहाव्यात. टेबलावर यंत्राला बॅटरी जोडताना पाती काढून ठेवलेली असली पाहिजेत. अचानक फिरलेले पाते बोट चिरते. आणि लिथियमची बॅटरी हा घरातला विस्तव समजावा. दर सेलमागे ४.२ व्होल्टच्या वर ती चार्ज होऊ नये, साडेतीनच्या फार खाली उतरू नये, फुगली की वापरू नये आणि चार्जिंगला लावून कोणी झोपू नये.

पुढची अडचण घराबाहेरची. उडवायचे कुठे? सोलापूरचा विमानतळ इथून साठ-सत्तर किलोमीटरांवर, तेव्हा ती आडकाठी नाही. पण पंढरपुरात चैत्री, आषाढी, कार्तिकी, माघी अशा चार वाऱ्या. एकादशी तर दर पंधरवड्याला. मोकळे म्हणावे असे वाळवंट बघता बघता माणसांनी भरते. पोलीस अधीक्षकांच्या दर्जाचा अधिकारी गरज पडल्यास एखादा भाग एका वेळी ९६ तासांपर्यंत लाल क्षेत्र जाहीर करू शकतो, आणि वारीत अशी सावधगिरी योग्यच आहे. पाऊण किलोचे यंत्र गर्दीत कोसळले तर जखम एकाला होईल, पण धावाधाव हजारोंची होईल. त्यात चष्मा लावलेल्याला आजूबाजूचे काही दिसत नाही. म्हणून शेजारी उघड्या डोळ्यांचा एक सोबती हवा, आणि यंत्र त्याच्या नजरेच्या टप्प्यात हवे.

आपल्या भागात अंगात रग असलेल्या पोरांचे काय करायचे, हे पूर्वीच्या लोकांनी ठरवून टाकले होते. त्यांनी तालमी बांधल्या. तांबडी माती, वस्ताद आणि वस्तादाचा शब्द. डाव शिकवला जाई, तसाच तो कोणावर टाकायचा नाही हेही शिकवले जाई. वस्तादाने हो म्हटल्याशिवाय पोरगा जत्रेच्या फडात उतरत नसे. ड्रोनच्या पोरांना पुस्तकी नियम मिळाले; आखाडा आणि वस्ताद मिळाले नाहीत. मैदान नसले की पोरगा गच्चीवरून उडवतो, आणि गच्चीवरून उडवले की खाली रस्ता असतोच.

बँकेत असताना यंत्रासाठी कर्ज मागायला कोणी आला की मी एक प्रश्न हमखास विचारीत असे : बिघडले तर दुरुस्त कोण करणार? पाण्याच्या मोटारीला उत्तर होते. प्रत्येक बाजारपेठेत मोटार रिवाइंडिंगची दोन-चार दुकाने होतीच. ड्रोनला आज हे उत्तर नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने महिला बचत गटांना पंधरा हजार ड्रोन देण्याच्या योजनेला १,२६१ कोटी रुपये मंजूर केले. द्राक्ष, डाळिंब, ऊस पिकवणाऱ्या आपल्या जिल्ह्यात फवारणीचे ड्रोन येणार आणि चिखलात पडणारही. एक मोटार जळाली म्हणून ते पुण्याला पाठवायचे, आणि फवारणीचे दिवस हातचे घालवायचे? आज हॉलमध्ये डाख लावणारा पोरगा उद्या ते तासाभरात उभे करील. मोटार, सर्किट, पाती यांचे तत्त्व दोन्हीकडे एकच. ‘आयडियाफोर्ज’ ही आज शेअर बाजारात असलेली ड्रोन कंपनीही आयआयटी मुंबईच्या पोरांच्या अशाच खटाटोपातून उभी राहिली. सगळे तिथवर पोचणार नाहीत. पोचायची गरजही नाही. बाजारपेठेत एक दुरुस्तीचे दुकान निघाले तरी कर्ज फिटते.

म्हणून मागणी फार मोठी नाही. गावाबाहेर, वारीच्या वाटा आणि विजेच्या तारा टाळून, कुंपणाची दोन एकर जागा नगरपालिकेने द्यावी. आयटीआय किंवा इंजिनिअरिंग कॉलेजच्या एका शिक्षकाने रविवारी सकाळी तिथे दोन तास उभे राहावे. पोलीस ठाण्यात मुलांची नावे आणि यंत्रांची यादी असावी, म्हणजे वारीच्या दिवसांत कोणाला निरोप द्यायचा हे ठाण्याला ठाऊक असेल. खर्च कुंपणाचा आणि एका पाण्याच्या टाकीचा. याहून अधिक रक्कम आपण दरवर्षी स्वागतकमानींवर घालवतो.