चिठ्ठीविना गोळी नको

वाळूजला दिवसभर राबून कंबर धरली, की रोज बुडू नये म्हणून आपला माणूस घाटीची रांग टाळतो आणि मेडिकलवरून डायक्लोफिनॅकची गोळी घेतो, तीही उपाशीपोटी. दुखणे दबते, पण जठराला व्रण पडू शकतो, मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. रक्तदाबाचे रुग्ण, गरोदर भगिनी यांना धोका अधिक.

आम्ही वकील, म्हणून कायदा सांगतो. ही गोळी 'शेड्यूल एच'मधील. चिठ्ठीविना विकणे बेकायदा. निमेसुलाइड १२ वर्षांखालील मुलांना देण्यास २०११ पासून बंदी आहे. पण गरिबाच्या वस्तीत कायदा पोहोचतो कुठे?

बांधवांनो, चिठ्ठी घ्या, पावती मागा. दोन वेदनाशामके एकत्र नकोत. शौचास काळे झाले तर तडक घाटी गाठा. आणि कामावरून सुटल्यावर उघडा सापडेल असा दवाखाना प्रत्येक वस्तीत मागा. तो आपला हक्क आहे, उपकार नव्हे!