चेहऱ्याचा आचका आणि कवटीतील दाटी

डोळा लवला की शुभ की अशुभ, याची चर्चा आपल्या घरांतून अजूनही होते. पापणी दोन-चार दिवस फडफडून थांबली, तर ती चर्चा तेवढ्यावरच सोडावी. बहुधा जागरण, थकवा किंवा चहाचा अतिरेक हेच कारण असते. परंतु तीच फडफड महिनोन्‌महिने एकाच बाजूला टिकली, गालावरून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत उतरली, डोळा मिटताना तोंडही त्याच बाजूस ओढले जाऊ लागले, तर तो ‘हेमिफेशियल स्पाझम’, म्हणजे अर्ध्या चेहऱ्याचा आचका असू शकतो. झोपेतही तो पूर्णपणे थांबत नाही. पन्नाशीच्या आसपास आणि स्त्रियांमध्ये तो अधिक आढळतो. डोळा मारल्याचा गैरसमज नको म्हणून लग्नकार्यास जाणे सोडलेल्या आजीबाई मी पाहिल्या आहेत. घरची मंडळी ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणतात. ताणाने आचके वाढतात हे खरे, पण ताणातून ते उत्पन्न होत नाहीत. त्यांचे मूळ बहुतेक वेळा कानामागे, कवटीच्या तळाशी असते.

कवटीचा तळ सपाट नसतो. पुढून मागे पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारे त्याचे तीन खळगे आहेत. सर्वांत मागच्या, सर्वांत खोल खळग्यात लहान मेंदू आणि मस्तिष्कस्तंभ बसलेले असतात. चेहरा हलविणारा मज्जातंतू मस्तिष्कस्तंभातून निघतो, श्रवणाच्या मज्जातंतूला खेटूनच कानाच्या टणक हाडातील बोगद्यात शिरतो आणि पुढे कानाखालून चेहऱ्यावर पसरतो. उगमाशी त्याचे आवरण नाजूक असते. याच जागेतून लहान मेंदूच्या धमन्याही वळसे घेत जातात. वय आणि रक्तदाब वाढला की धमन्या लांबतात, नागमोडी होतात. एखादे वळण मज्जातंतूवर टेकते आणि प्रत्येक ठोक्यासरशी त्याला ढुशी देत राहते. आपण बोलताना दोघांनाही ‘नस’च म्हणतो, इथे एक नस दुसरीला छळते, असे म्हणावे लागेल. काही रुग्णांत मागचा खळगा किंचित लहान आढळला आहे, पण खळगा लहान असलेल्या प्रत्येकाला हा विकार होतोच असे नाही.

एमआरआय करावा लागतो तो ही धमनी पाहण्यासाठी, आणि क्वचित तिच्या जागी गाठ असते म्हणूनही. बी-ट्वेल्व्हची इंजेक्शने या आचक्यावर वर्षानुवर्षे घेत राहण्यात मला काही अर्थ दिसत नाही. बोट्युलिनमचे इंजेक्शन मात्र उपयोगी पडते: स्नायू सैल होतात, आराम साधारण तीन-चार महिने टिकतो, मग पुन्हा घ्यावे लागते. वय फार झालेले असेल, हृदय वा फुप्फुसे अशक्त असतील, तर हाच मार्ग मला शहाणपणाचा वाटतो.

मूळ कारणावरचा उपाय शस्त्रक्रियेचा. अमेरिकेतील पिट्सबर्गचे पीटर जॅनेटा यांनी सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने तो रूढ केला. कानामागे नाण्याएवढे छिद्र पाडून, लहान मेंदू हळुवार बाजूस धरून, धमनी मज्जातंतूपासून दूर करतात आणि मध्ये टेफ्लॉनचा लहानसा बोळा ठेवतात. (होय, तव्यावरचेच टेफ्लॉन, फक्त कापसासारख्या रूपात.) मज्जातंतू कापत नाहीत. अनुभवी हातांत शंभरातील सुमारे पंच्याऐंशी ते नव्वद रुग्णांचे आचके थांबतात. धोकाही त्याच अरुंद जागेतला आहे: श्रवणाचा मज्जातंतू शेजारीच असल्याने शंभरात काही जणांना त्या बाजूचे ऐकू येणे कमी होते किंवा जाते. दुसरा कान आधीच अधू असेल, तर ही गोष्ट फार मोलाची ठरते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी दोन्ही कानांची तपासणी करून घ्यावी.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी दोन सूचना. आचका आणि पक्षाघात यांत गल्लत करू नये: चेहरा अचानक लुळा पडला, वाचा अडखळली, हातापायातील शक्ती गेली, तर तत्काळ रुग्णालय गाठावे. आणि तपासणीच्या वेळी आचका नेमका दडून बसतो. घरी तो येईल तेव्हा मोबाइलवर चित्रीकरण करून डॉक्टरांना दाखवावे. शस्त्रक्रियेनंतरही आचके काही आठवडे, कधी काही महिने रेंगाळतात. तेवढ्यावरून ती फसली असे समजू नये, आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेची घाईही करू नये.