थेंबाची वेळ चुकली तर?

शिरूरची घोडनदी असो की दौंडची भीमा, काठावरच्या शेतातून जुन्या डिझेल इंजिनाची टुकटुक अजूनही कधीतरी कानावर येते. या इंजिनात ठिणगी पाडणारा प्लगच नसतो. मग डिझेल पेटतं कसं? दट्ट्या सिलिंडरमधली हवा इतकी करकचून दाबतो, की ती 500 अंशांच्या वर तापते. तिच्यात डिझेलचा फवारा गेला की भडका!

पण फवारा केव्हा सुटायला हवा? दट्ट्या वर पोचायच्या जरा आधी. मिनिटाला 650 फेरे घेणाऱ्या लिस्टर इंजिनात साधारण 20 अंश आधी. म्हणजे सेकंदाचा जेमतेम दोनशेवा भाग! लवकर सुटला तर इंजिन ठोके देतं. सुरू करताना हँडल उलटं फिरून मनगटही मोडतं. उशीर झाला तर नुसता धूर, जोर कमी. मग पाणी चढत नाही आणि ऊस सुकतो.

ही वेळ जुळवताना मिस्त्री बंद इंजिनाच्या पंपावरची झडप काढतात, डिझेल वाहू देतात आणि चाक हातानं हळूहळू फिरवतात. डिझेल थांबलं, की तीच फवाऱ्याची सुरुवात! लगेच चाकावरची खूण बघायची. पुष्कळ इंजिनांत पंपाखाली पातळ पत्र्याची 'शिम' असते. ती वाढवली की फवारा उशिरा, काढली की लवकर.

हे काम लांबूनच बघा हं! फवारा कातडीतूनही आत घुसतो.

आता सांगा, 1500 फेऱ्यांच्या इंजिनात 20 अंशांना किती वेळ लागेल? (उत्तर : सेकंदाचा 450 वा भाग.)