फळ कोणाचं, राखण कोणाची

वैनगंगेला पूर आला की सगळ्या भंडारा जिल्ह्याची नजर काठावरच्या कारधा गावाकडे लागते. पुलाजवळ पाणी किती चढलं, 245.50 मीटरची धोक्याची पातळी ओलांडली का, हे रात्री-अपरात्री फोन करून विचारलं जातं. 2020 च्या ऑगस्टअखेर मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचं पाणी सुटलं आणि कारध्यासह भंडारा शहराच्या सखल वस्त्या बुडाल्या, तेव्हा या आकड्यावर लोकांनी घरं रिकामी केली. पाण्याचा हिशेब आपण असा तासातासाला ठेवतो. झाडांचा ठेवत नाही. पावसाळ्यात लावलेल्या रोपांपैकी पुढच्या एप्रिलात किती हिरवी आहेत, हे लिहून ठेवणारी वही कारध्यातच काय, राज्यातल्या फार थोड्या गावांत सापडेल.

लागवडीचे आकडे मात्र भरपूर आहेत. 2016 च्या 1 जुलैला राज्याने एका दिवसात 2 कोटी झाडं लावायची मोहीम काढली. पुढच्या वर्षी लक्ष्य 4 कोटी झालं, 2018 ला 13 कोटी आणि 2019 ला 33 कोटी. या लागवडीचं नेमकं काय झालं हे तपासायला 2021 मध्ये विधिमंडळाची समिती नेमावी लागली. यात कोणाची नियत खोटी होती असं मला म्हणायचं नाही. खड्डे खणणाऱ्या शाळकरी मुलांचा उत्साह खराच असतो, मी तो पाहिला आहे. पण जुलैत रोप लावणाऱ्याला मे महिन्यात त्या रोपाकडे परत यायला काही कारणच आपण ठेवलेलं नाही.

ते कारण म्हणजे फळ, असं मला वाटतं. झाड सर्वांचं असेल, त्याचं फळ खायचा हक्क सर्वांना असेल आणि तो हक्क कागदावर असेल, तरच त्याची राखण टिकते. हे कारध्याच्या काठावर करून पाहता येईल, आणि त्यासाठी लागणारा अनुभव आपल्याच भागात आहे.

गोंदिया जिल्हा 1999 पर्यंत भंडाऱ्यातच होता. तिथल्या अर्जुनी मोरगाव भागातल्या मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावांवर भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ ही संस्था मनीष राजनकर यांच्या पुढाकाराने बरीच वर्षं काम करते आहे. राबणारे हात मुख्यतः ढिवर समाजाचे आहेत, आणि त्यांत बायका पुढे आहेत. तलावांत बेशरम नावाची झुडपं माजली होती. देशी पाणवनस्पती गेल्या होत्या, त्यांच्याबरोबर देशी मासेही कमी झाले होते. उन्हाळ्यात तलावाचा तळ उघडा पडला की बेशरम मुळासकट उपटायची, जमीन नांगरायची, पाऊस पडून पाणी साचलं की दुसऱ्या तलावांतून आणलेल्या पाणवनस्पती चिखलात रोवायच्या, असं ते काम. जे हात आषाढात धानाची रोवणी करतात, त्याच हातांना ही रोवणीही जमते. कमरेएवढ्या पाण्यात वाकून एकेक जुडी गाळात दाबायची, ती वर तरंगून आली तर पुन्हा दाबायची. यात फोटो काढण्यासारखं फारसं काही नसतं. मासे अंडी कुठे घालतात, पिल्लं कशाच्या आडोशाला लपतात, पाणपक्षी काय खातात, हे ढिवरांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. संस्थेने ते ज्ञान ऐकून घेतलं, लिहून काढलं आणि कामाला जोडलं.

हे लोक दरवर्षी परत का येतात? निसर्गावर प्रेम आहे म्हणून, हे खरंच आहे. पण तलावातल्या मासेमारीचा ठेका त्यांच्या सहकारी संस्थेकडे असतो, हेही तितकंच खरं. तलाव सुधारला की जाळ्यात मासा येतो, आणि तो मासा घरी नेण्यापासून त्यांना कोणी अडवू शकत नाही. प्रेमाला हक्काची जोड मिळालेली आहे.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने हीच गोष्ट जंगलात करून दाखवली. 2012 मध्ये वनहक्क कायद्याखाली गावाला सामूहिक हक्क मिळाला आणि ग्रामसभेने स्वतःसाठी नियम केले. त्यांतला एक नियम मला फार मोलाचा वाटतो. तेंदूपानाचा हंगाम म्हणजे रोख पैसा. पण चांगलं पान यावं म्हणून झाडाची छाटणी होते, आगी लावल्या जातात, आणि मग टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, धरत नाहीत. टेंभरं माणसं खातात, पाखरं खातात, अस्वलं खातात. पाचगावने पानांचा धंदा सोडला, बांबूवर कमाई उभी केली आणि टेंभरं झाडावर राहू दिली. बाहेरून आलेल्या अधिकाऱ्याने असा हुकूम काढला असता तर गावाने तो मानला असता का? स्वतः बसून ठरवलं म्हणून तो पाळला गेला.

शहराचं उदाहरण हवं असेल तर वर्धा फार लांब नाही. हनुमान टेकडीवर वैद्यकीय जनजागृती मंचाने ऑक्सिजन पार्क उभं केलं आहे. डॉक्टर, शिक्षक, दुकानदार, निवृत्त माणसं सकाळी टेकडीवर जाऊन श्रमदान करतात. खडकाळ उतारावर चर खणून पाणी मुरवलं गेलं, मग झाडं जगली. उन्हाळ्याला विदर्भात पारा 45 च्या पुढे जातो, तेव्हा टेकडीवर पाणी पोहोचवायचं म्हणजे काय, हे ज्याने केलं त्यालाच ठाऊक. ही माणसं फळासाठी जात नाहीत. रोज फिरायला जाण्याची सवय, मैत्री आणि शहरात मिळणारा मान त्यांना तिथे नेतो. पगारदार, सुस्थित वस्तीत एवढं पुरतं. जिथे सकाळी सातला रोवणीवर, विटाभट्टीवर किंवा नदी ओलांडून भंडाऱ्यात कामाला जायचं असतं, तिथे एवढ्यावर भागत नाही. कारधा या दुसऱ्या प्रकारचं गाव आहे.

कारध्याचा काठ पूर्वीसारखा राहिलेला नाही. वैनगंगेच्या उघड्या रेतीवर ढिवरांच्या डांगरवाड्या असत, उन्हाळाभर टरबूज-डांगर निघे. गोसीखुर्द धरणाचं पाणी मागे तुंबून वर सरकत गेलं आणि ती रेती बऱ्याच ठिकाणी पाण्याखाली गेली. नदीवर इकॉर्निया या जलपर्णीचा थर येतो. म्हणजे नदीतून मिळणारं अन्न कमी झालं, आणि काठ मात्र अजून सार्वजनिकच आहे. त्या काठावर अन्न देणारी झाडं उभी राहिली, तर जे गेलं त्यातलं थोडं तरी परत येईल.

झाडं कोणती, याचा निर्णय पूररेषेने करावा. दरवर्षी पाणी येतं तिथे जांभूळ, उंबर, अर्जुन आणि करंज लावावेत. ही मुळातच नदीकाठची झाडं आहेत, काही दिवस बुडाली तरी तगतात. त्यांतल्या करंज आणि अर्जुनाला खाण्याचं फळ नाही, पण काठाची माती ती धरून ठेवतात. थोडं वर, जिथे फक्त 2020 सारखा मोठा पूर पोहोचतो, तिथे चिंच, आंबा, मोह, कवठ आणि बेल. त्याहून वर, घरांच्या जवळ, मुनगा, सीताफळ, लिंबू, कढीपत्ता. मुनग्याच्या मुळाशी पाणी साचलं की तो कुजतो, म्हणून त्याला काठावर नेऊ नये. सावलीत पावसाळ्याचा तरोटा आपोआप उगवतो, तो तणनाशक मारून घालवू नये एवढं पथ्य पाळलं तरी पुरे. शोभेच्या झाडांवर आणि चौरस मीटरला तीन-चार रोपं कोंबणाऱ्या घनवनावर हल्ली पैसा जातो. दाट झाडीचे फायदे आहेत, पण जिथे बाई टोपली घेऊन आत शिरू शकत नाही, त्या झाडीला ती आपली म्हणणार नाही.

रोप जगवण्याचं तंत्र इथल्या शेतकऱ्याला शिकवायची गरज नाही. आळं मोठं करायचं, त्यात तणस पसरायची, शेजारी मडकं पुरून त्याच्या तळाच्या छिद्रात कापडाची वात घालायची. मडकं भरून झाकून ठेवलं की पाणी मुळाशी हळूहळू झिरपत राहतं. भोवती बोराटीचं कुंपण, कारण शेळीला दुसरं काही अडवत नाही. फेब्रुवारीत आजूबाजूचं गवत कापून न्यायचं, नाहीतर एका काडीपेटीने सगळं संपतं. हे पहिली तीन वर्षं करावं लागतं. चौथ्या वर्षी चिंच स्वतःची काळजी घेते.

या तीन वर्षांचा भार फक्त स्वयंसेवकांवर टाकायला माझा विरोध आहे. सेवाभावाच्या नावाखाली गरीब घरातल्या बाईचे उन्हाळ्यातले तास फुकट घेणं अन्याय्य आहे. एप्रिल-मे महिन्यांत पाणी घालणाऱ्याला रोजी मिळालीच पाहिजे. महाराष्ट्राने 1990 मध्ये रोजगार हमीला फळबाग जोडली आणि हजारो शेतकऱ्यांच्या खासगी जमिनीवर आंबा, डाळिंब, संत्रा उभा राहिला. ते चांगलंच झालं. गावाच्या सामाईक जागेवरच्या जांभळालाही तेवढाच भक्कम आधार मिळायला काय हरकत आहे? पाणी आणि कुंपण मजुरीचं काम समजावं. झाडांची मोजणी, गवत काढणं, फळाची वाटणी, मुलांना झाडं ओळखायला शिकवणं, हे स्वयंसेवकांकडे असावं. गोंदिया-भंडाऱ्यात ‘सेवा’ संस्थेचे कार्यकर्ते आणि शेतकरी दरवर्षी सारस मोजतात, पहाटे शेता-तलावांवर जातात, घरट्यांवर लक्ष ठेवतात. मोजणीचं काम या मातीतली माणसं किती निष्ठेने करतात, हे त्यांनी दाखवून दिलं आहे.

आता फळाचा प्रश्न. सर्वांचं झाड म्हटलं की पहिली शंका येते ती चोरीची. कच्चा आंबा रात्रीत पाडून नेतील, कोणीतरी बाजारात विकेल. शंका खोटी नाही. इंग्लंडमधल्या टॉडमॉर्डन गावाने 2008 पासून पोलीस ठाण्यासमोर, रेल्वे स्थानकावर, दवाखान्याजवळ भाज्या लावल्या आणि कोणीही तोडून न्याव्या असं जाहीर केलं. अमेरिकेत सिॲटल शहरात 2012 पासून 7 एकरांच्या सरकारी जागेवर रहिवाशांनी फळांचं रान वाढवलं आहे, तिथेही फळ सर्वांना खुलं आहे. जे सर्वांना घेता येतं, त्याची चोरी होत नाही. पण आपल्याकडे भूक जास्त आणि झाडं कमी, त्यामुळे नुसतं खुलं ठेवून चालणार नाही, नियम लागेल.

आणि नियमासाठी विदर्भाला बाहेर पाहावं लागत नाही. आपल्याकडे निस्तार आहे. मालगुजारीच्या काळात गावकऱ्यांचे सरपण, चराई, पाणी, वनउपज यांवरचे हक्क गावाच्या कागदांत नोंदले जात. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव आणि पडीक जमीन सरकारजमा झाली. मालगुजार गेला याचं दुःख करायचं कारण नाही. पण त्याच्याबरोबर तलावाची पाळ आणि तिच्यावरची आमराई राखायची जबाबदारी नेमकी कोणाची, हेही धूसर झालं, आणि आज मामा तलावांची जी दशा दिसते तिची सुरुवात मला तिथे दिसते. हक्क मात्र कागदावर जिवंत आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मधलं कलम 161 निस्तार पत्रकाचं आहे: गावातल्या बिनभोगवट्याच्या जमिनीचा वापर कसा व्हावा, याची ती योजना. ग्रामपंचायतीने मागणी केली तर जिल्हाधिकारी चौकशी करून त्यातली नोंद बदलू शकतात. कलम 165 वाजिब-उल-अर्जचं, त्यात पाणी, वहिवाट, मासेमारी यांच्या रूढी नोंदल्या जातात. तलाठ्याच्या दप्तरात हे कागद धूळ खात पडलेले असतात. सामाईक फळझाडांना यांत जागा मागणं हे कारध्याच्या पंचायतीला सहज शक्य आहे, आणि मला वाटतं ते तिने केलंच पाहिजे.

एक अडचण इथे सांगायला हवी. 1975 चा शहरी वृक्षसंरक्षण कायदा आणि त्याखालचं वृक्ष प्राधिकरण नदीच्या पलीकडे, भंडारा नगर परिषदेच्या हद्दीत लागू आहे. कारधा ग्रामपंचायत आहे, त्यामुळे पूल ओलांडला की ते संरक्षण संपतं. इकडे आधार 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्याचा. त्याच्या अनुसूचीत आंबा, मोह, चिंच, जांभूळ, फणस, हिरडा ही झाडं आहेतच. म्हणजे यांतली कोणतीही निवडली, तर मोठी झाल्यावर ती परवानगीशिवाय तोडता येणार नाहीत. रस्ता रुंद करताना, पुलाचं काम निघाल्यावर, हा मुद्दा उपयोगी पडेल. भंडारा शहर आता नदीच्या या बाजूला सरकतं आहे. जागेचे भाव वाढले की सामाईक काठावर पहिली नजर जाते, म्हणून झाडांची आणि हक्कांची नोंद आधी झालेली बरी.

15 ऑगस्टच्या ग्रामसभेत हा ठराव मांडता येईल. काठाची कोणती जागा, तिचा गट क्रमांक. पूररेषेप्रमाणे झाडांची यादी. तीन उन्हाळ्यांच्या पाण्याची मजुरी कोणत्या योजनेतून. पिकलेलं फळ घरी खायला प्रत्येकाने घ्यावं, विकायचं झालं तर बचतगटामार्फत आणि पैसा राखणीच्या खात्यात, कच्चं कोणी पाडू नये. दर एप्रिलात झाडं मोजून आकडा पंचायतीच्या फळ्यावर, पुराच्या पातळीशेजारी लिहावा. निस्तार पत्रकात नोंद घेण्याचा अर्ज त्याच आठवड्यात जिल्हाधिकारी कार्यालयात जावा, आणि त्याची पोच सरपंचांनी जपून ठेवावी.