रम्य वाटेचा हिशेब

आमच्या बँकेत हल्ली सोमवारी व्याजदरापेक्षा पोटरीत आलेल्या गोळ्यांची चर्चा जास्त. रविवारी पहाटे नाशिकहून मोटारी काढायच्या, त्र्यंबकच्या पुढं हरसूलकडचं एखादं खेडं गाठायचं आणि 'निसर्गरम्य' वाटेवर दहा किलोमीटर धावायचं!

एकदा मीही गेलो. खरं सांगतो, निसर्ग दिसलाच नाही. दिसला तो पुढच्याचा घामेजला बनियन. बाकीच्यांची नजर मनगटावरच्या घड्याळात. अहो, डोंगरच बघायचा तर बांधावर बसा की!

दीड किलोमीटरला मी बसलोच. तेवढ्यात समोरून डोक्यावर दोन हंडे घेतलेल्या एक बाई आल्या. आमची टोळी जाईपर्यंत बिचाऱ्या कडेच्या खडीत उभ्या. वाट त्यांची, ओझं त्यांचं आणि अंग चोरायचं तेही त्यांनीच? माझ्या बी.कॉम.ला हा ताळेबंद काही जुळेना.

याच टापूतल्या सावरपाड्याची कविता राऊत लहानपणी डोंगरवाटेनं पाणीच आणायची. 2010 साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये तिनं कांस्यपदक मिळवलं. म्हणजे 400 मीटरच्या रिंगणात 25 फेऱ्या. निसर्ग औषधालाही नाही!

तेव्हा मंडळी, खुशाल धावा. पण हंडा दिसला की कडेला उभं राहायचं ते आपण. गावाच्या खात्यातून दर रविवारी निसर्ग काढता, कधी काही जमाही करा. नुसत्या पैसे काढायच्या स्लिपांवर कुठलं खातं चाललंय?