बाइंड टाकायला दहा मिनिटं, निस्तरायला तीन दिवस



मागच्या व्हिडिओत मी उबंटूवर बाइंड टाकून दाखवलं. एका कमांडमध्ये पॅकेज आलं, सर्व्हिस सुरू झाली आणि मी कॅमेऱ्याकडे बघून ऐटीत म्हणालो, "झालं, तुमचा स्वतःचा नेमसर्व्हर तयार!" ते वाक्य मला मागे घ्यायचंय. सगळं नाही, अर्धं.

नेमसर्व्हर दोन वेगळी कामं करतो, आणि घोळ इथूनच सुरू होतो. एक काम म्हणजे जगाला तुमचा पत्ता सांगणं: तुमच्या डोमेनची वेबसाइट कुठल्या आयपीवर आहे, मेल कुठे पोचवायची. दुसरं काम उलटं. तुमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरना बाहेरचे पत्ते शोधून देणं. याला रिझॉल्व्हर म्हणतात. बाइंड ही दोन्ही कामं करतं, म्हणून शिकणाऱ्याला ती एकच वाटतात. माझं मत असं की दुसरं काम जरूर स्वतः करा. पहिलं मात्र भाड्याच्या एकाच सर्व्हरवर, आणि तेही धंद्याच्या डोमेनसाठी, करू नका.

का, ते सांगतो. माझ्याकडे शिकायला येणारे एक व्यापारी आहेत, पंपांचे सुटे भाग विकतात. त्यांच्या भाच्याने हौसेने सर्व्हर भाड्याने घेतला, त्यावर बाइंड टाकलं. पोरगा हुशार, काम चोख. रजिस्ट्रारने दोन नेमसर्व्हरची नावं मागितली, याने दोन्ही नावं एकाच आयपीवर लावली. असं सर्रास करतात. दोन नावांमागे खरंच दोन यंत्रं आहेत का, हे सहसा कुणी तपासत नाही.

पुढे भाचा नोकरीसाठी परगावी गेला. सर्व्हरचं भाडं थकलं आणि एका शुक्रवारी सर्व्हर बंद पडला. गंमत बघा, पहिले काही तास कुणाला काही कळलंच नाही. आधी मिळालेली उत्तरं जगभरातले रिझॉल्व्हर टीटीएल संपेपर्यंत जपून ठेवतात. त्यामुळे एका गिऱ्हाइकाला साइट दिसत होती, दुसऱ्याला नाही. शेठना वाटलं समोरच्याचंच नेट खराब असेल. संध्याकाळी मेलही थांबल्या.

मग रजिस्ट्रारकडे लॉगिन करून नेमसर्व्हर बदलायला गेले, तर ओटीपी कुठल्या ईमेलवर? त्याच डोमेनच्या! आणि भाडं थकल्याच्या सूचना? त्याही तिथल्याच एका इनबॉक्समध्ये, जो भाचा गेल्यापासून कुणी उघडलाच नव्हता. किल्ली कुलुपाच्या आत राहिली. कागदपत्रं पाठवून खातं हातात यायला सोमवार उजाडला. बऱ्याचशा मेल नंतर आल्या, कारण पाठवणारे मेलसर्व्हर काही दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतात. पण एका कारखान्याची कोटेशनची मुदत शनिवारी संपली होती. ती ऑर्डर गेली ती गेलीच.

यात बाइंडचा दोष काहीच नाही. १९८०च्या दशकात बर्कली विद्यापीठात जन्मलेलं हे सॉफ्टवेअर आजही जोमात चालतंय. दोष आमच्यासारख्या शिकवणाऱ्यांचा. आम्ही बसवणं दाखवतो, सांभाळणं दाखवत नाही. झोन फाइलमध्ये बदल केला आणि सिरियल नंबर वाढवायला विसरलात तर दुय्यम सर्व्हर जुनंच उत्तर देत बसतो. पूर्ण नावाच्या शेवटचा एक टिंब राहिला तर तुमचं डोमेन दोनदा जोडलं जातं आणि मेल भलतीकडे शोधली जाते. सिक्युरिटी अपडेटचंही तसंच. २०१५च्या जुलैमध्ये बाइंडमधली एक चूक उघड झाली होती, बाहेरून आलेल्या एका पॅकेटने अख्खा नेमसर्व्हर बंद पाडता यायचा. ज्यांनी लगेच अपडेट केलं ते वाचले. तुमच्या दुकानात हे "लगेच" कोण करणार? दिवाळीच्या आठवड्यात कोण करणार?

आता तुम्ही म्हणाल, मोठ्या कंपनीकडे दिलं तरी ती पडतेच की! बरोबर आहे. २१ ऑक्टोबर २०१६ ला डिन या डीएनएस कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटरसारख्या साइट कित्येक तास उघडेनात. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुकचे स्वतःचे नेमसर्व्हर इंटरनेटवरून दिसेनासे झाले आणि व्हॉट्सअॅपसह सगळं जवळजवळ सहा तास ठप्प. पण यातून मी वेगळा धडा घेतो. मोठ्यांचीही सगळी नावं एकाच ठिकाणी असली की हीच गत होते. मग आपण दोन हजारांच्या सर्व्हरवर ती का ठेवावीत?

ज्यांना स्वतःच्या हातात सूत्रं हवीच आहेत (मलाही हवी असतात, मान्य आहे), त्यांच्यासाठी मधला रस्ता आहे. बाइंड किंवा एनएसडी तुमच्या यंत्रावर टाका, झोन फाइल तिथेच लिहा, पण रजिस्ट्रारकडे त्याचं नाव देऊ नका. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची दुय्यम सेवा घ्या, फक्त त्यांनाच झोन उचलायची परवानगी द्या, आणि जगाला त्यांचीच नावं सांगा. तुमचं यंत्र बंद पडलं तरी एसओएमधली एक्स्पायर मुदत संपेपर्यंत ते उत्तर देत राहतात. ती मुदत दोन ते चार आठवड्यांची ठेवा. भाचा परगावाहून येऊन दुरुस्त करेल एवढा वेळ त्यात मिळतो.

आता रिझॉल्व्हर. तो टाकाच, असं मी का म्हणतो? कारण तो बिघडला तर नुकसान तुमच्या चार भिंतींत राहतं. "नेट गेलं" म्हणून पोरं ओरडतील, तुम्ही राउटरमधला डीएनएसचा पत्ता पूर्वीसारखा कराल, दोन मिनिटांत काम सुरू. यासाठी मी बाइंडपेक्षा अनबाउंड सुचवेन. फ्रीबीएसडीने २०१४च्या १०.० आवृत्तीत मूळ सिस्टिममधून बाइंड काढून अनबाउंड घेतलं, तेही याच कामासाठी. जुना पीसी, त्यावर डेबियन, पुरे. प्रिंटरला, बिलिंगच्या कॉम्प्युटरला साधी नावं देता येतात, नको त्या साइट बंद करता येतात.

दोन ठिकाणी अडाल. अनबाउंड मुळात फक्त स्वतःच्याच यंत्राला उत्तर देतं, म्हणून ऑफिसच्या नेटवर्कला परवानगी वेगळी लिहावी लागते. तेवढ्यालाच द्या, सगळ्या जगाला नको. उघडे रिझॉल्व्हर वापरून दुसऱ्यांवर हल्ले होतात. २०१३च्या मार्चमध्ये स्पॅमहाउसवर झालेला मोठा हल्ला तसाच होता. दुसरं, उबंटूवर पोर्ट ५३ वर सिस्टिमडी-रिझॉल्व्हड आधीच बसलेलं असतं. अनबाउंडला सगळ्या पत्त्यांवर ऐकायला सांगितलंत की "पत्ता आधीच वापरात" असा एरर येतो. ऑफिसच्या नेटवर्कमधला त्या यंत्राचा आयपी तेवढा लिहा, भांडण मिटतं.

पुढच्या व्हिडिओत हेच अनबाउंड करून दाखवतो, आणि यावेळी मुद्दाम बंद पाडूनही दाखवतो. त्याआधी आज शटर ओढायच्या आत रजिस्ट्रारच्या खात्यात जा आणि लॉगिनचा ईमेल कुठला आहे ते बघा. तुमच्याच डोमेनचा असेल तर आत्ताच बदला. आमच्या शेठनी बदललाय. भाच्याचा सर्व्हरही परत सुरू आहे, आता त्याच्यावर फक्त प्रयोग चालतात.