काट्यावर न चढणारे काम

मध्यंतरी एका बैठकीला गेले होते. विषय होता घनकचरा सेवेची कार्यक्षमता. गाड्या किती, फेऱ्या किती, डिझेल किती, टन किती, सगळे फळ्यावर मांडलेले. मी विचारले, "घरोघरी कचरा वेगळा करणाऱ्या आणि रस्ते झाडणाऱ्या बायांचे तास यात कुठे आहेत?" साहेब हसले. म्हणाले, "ताई, तो सामाजिक विषय झाला. हा तांत्रिक विषय आहे."

मग तांत्रिकच बोलू या.

ठेकेदाराला पैसे टनावर मिळतात, तेव्हा ओला-सुका एकत्र असलेला जड कचरा त्याच्या फायद्याचा. वेगळा केला की वजन घटते आणि बिलही घटते. एकत्र कचऱ्यात भिजलेल्या कागदाला भंगारवाला हात लावत नाही. ढिगात हवा न मिळता कुजणाऱ्या ओल्या कचऱ्यातून मिथेन निघतो, ढीग पेटतात, काळे पाणी जमिनीत झिरपते. पुढे तेच ढीग खणून चाळायला नवा ठेका निघतो. आधी बिघडवण्याचे पैसे, मग निस्तरण्याचे. ही कुणाची कार्यक्षमता?

मी राहते मुर्रीत, गोंदिया शहराला लागून. आमच्याकडे शेणखत बाईच्या डोक्यावरूनच शेतात गेले. शेण इथे, राख तिथे, ही रीत तिला कोणा सल्लागाराने शिकवली नाही. व्यवस्था मोडत नाही ती तिच्या फुकटच्या कामामुळे, आणि नेमके तेच काम काट्यावर चढत नाही.

पुण्याकडे पाहा. 1993 साली तिथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. सभासदांत बहुसंख्य दलित बाया. त्यांनी ओळखपत्रे मिळवली, कचरा वेचणे हे काम आहे हे मान्य करायला लावले. 2008 मध्ये याच बायांच्या 'स्वच्छ' सहकारी संस्थेने महापालिकेशी करार केला. घरटी शुल्क आणि सुका माल विकून मिळणारे पैसे, ही त्यांची कमाई. माल विकण्यावर पोट असल्यामुळे त्या कचरा वेगळा करतात. डंपरला जाणारा बोजा आपोआप कमी होतो. वापरलेले पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका द्या, हेही त्यांनीच घराघरांना शिकवले. 2016 च्या केंद्रीय नियमांनी कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्या असे सांगितले. बायांनी ते आधीच करून दाखवले होते.

कुणी विचारेल, मग बाईने जन्मभर कचऱ्यातच राहायचे का? नाही. हे काम विशिष्ट जातींच्या माथी मारले गेले, हे विसरून त्याचे गोडवे गाणे म्हणजे लबाडी आहे. त्यांच्या मुलींना दुसरी वाट हवीच. पण यंत्र आणून बाईला हाकलणे ही मुक्ती नव्हे, ती बेकारी आहे. आणि घरातली दुसरी बादली बाईनेच सांभाळायची, असेही कुठे लिहिलेले नाही. उष्टे पुरुषाच्या ताटातही उरते.

म्हणून आपल्या मागण्या सरळ आहेत. बिल टनावर नको, वेगळ्या केलेल्या कचऱ्यावर हवे. सफाई करणाऱ्या प्रत्येकीला किमान वेतन, हातमोजे, बूट आणि विमा हवा. गावचा ठेका ठरण्याआधी तो ग्रामसभेत वाचून दाखवला पाहिजे.

पुढच्या ग्रामसभेला एकटी जाऊ नका. दहाजणी जा आणि एकच प्रश्न विचारा : आमचे तास कोणत्या रकान्यात लिहिलेत?